अकरावीची शाळा, कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक अमेरिकेतून आली आहेत आणि विषय एकच आहे: हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणे. कुठे याला ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात, कुठे ड्युअल क्रेडिट. नियम राज्याराज्यांत वेगळे असल्यामुळे प्रत्येक उत्तर त्या त्या राज्यापुरतेच धरावे.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत अकरावीत आहे. “आजोबा, मी आठवड्यातून दोनदा कॉलेजला जाते,” असे फोनवर सांगते. अहो, अकरावी म्हणजे कॉलेजच की! यात विशेष ते काय? (एक आजोबा, कोथरूड)

उत्तर : घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे दहावी झाली की ज्युनिअर कॉलेज. अमेरिकेत नववी ते बारावी ही सगळी हायस्कूलच, आणि कॉलेज म्हणजे थेट पदवीचे शिक्षण. तेव्हा तुमची नात शाळेत राहून आपल्या एफ. वाय.च्या तोडीचा एखादा विषय शिकते आहे. तो पास झाली की त्याची नोंद दोन ठिकाणी होते. शाळेच्या डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, तो धरला जातो आणि कॉलेजच्या स्वतंत्र गुणपत्रकावर, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर, त्याचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, जमा होते. तुम्हाला कदाचित आपले द्विलक्षी विषय आठवतील. पण २०० गुणांचा तो विषय बारावीच्याच गुणपत्रिकेत मावतो. इथे दुसऱ्या संस्थेत खातेच उघडले जाते.

वर्ग तीन प्रकारे भरतात. कॉलेजच्या आवारात, ऑनलाइन, किंवा स्वतःच्याच शाळेत शाळेच्याच शिक्षकाकडे. तिसऱ्या प्रकारात त्या शिक्षकाची पात्रता कॉलेज तपासते. एरवीची अट अशी की त्या विषयात मास्टर्स, नाहीतर मास्टर्स पातळीचे निदान १८ क्रेडिट. राज्यभराची अशी योजना पहिल्यांदा मिनेसोटाने १९८५ मध्ये आणली, त्यामुळे हा काही काल-परवाचा प्रयोग नव्हे.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. पुढच्या वर्षी ड्युअल क्रेडिट घ्यावे की एपी? शाळा म्हणते दोन्ही चांगले. शेजारी म्हणतात ड्युअल क्रेडिट सोपे, पटापट क्रेडिट गोळा करा. त्याला इंजिनिअरिंगला जायचे आहे. (एक पालक, फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर : “पटापट गोळा करा” हा सल्ला आधी बाजूला ठेवा. क्रेडिट मिळणे आणि ते पदवीच्या कामी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ फरक असा. एपीमध्ये, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटमध्ये, वर्ग शाळेचाच असतो आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची एकच परीक्षा होते, गुण १ ते ५. परीक्षा बिनसली तर तो गुण विद्यापीठाला न कळवण्याची मुभा असते. क्रेडिट मिळणार नाही, एवढेच नुकसान. ड्युअल क्रेडिटमध्ये परीक्षेचा एक दिवस नसतो, सगळ्या सत्राचा ग्रेड असतो. त्यामुळे परीक्षेत गांगरणाऱ्या मुलांना ते बरे पडते. मात्र मिळालेला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो, सी असला तरी.

दुसरा फरक नकाशाचा. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांना ४२ क्रेडिटचा कोअर करिक्युलम, म्हणजे सर्वांना लागणाऱ्या पायाभूत विषयांचा संच, आहे. तो एका सरकारी संस्थेत पूर्ण केला की दुसरीने तो जसाच्या तसा मान्य करावा लागतो. म्हणून मुलगा टेक्सासमध्येच सरकारी विद्यापीठात जाणार असेल तर ड्युअल क्रेडिटला खरा भाव आहे. राज्याबाहेर किंवा नावाजलेल्या खासगी विद्यापीठांकडे डोळा असेल तर एपी अधिक ठिकाणी चालते. अशी बरीच विद्यापीठे शाळेच्या इमारतीत शिकवलेला, किंवा शाळेच्या डिप्लोमासाठी आधीच मोजलेला कॉलेजचा विषय क्रेडिटसाठी धरत नाहीत.

आता विषयांचे. टेक्सासमध्ये कॉलेजच्या विषयांना सामाईक क्रमांक असतात. त्यांत पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा क्रेडिटचा असतो. इंग्लिश १३०१ म्हणजे पहिल्या वर्षाचा ३ क्रेडिटचा विषय, मॅथ २४१३ म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पातळीचा ४ क्रेडिटचा कॅल्क्युलस. हा क्रमांक न वाचता नाव पाहून विषय घेतला की फसगत होते. दोन फसगती नेहमीच्या आहेत. पहिली मॅथ १३१४, म्हणजे कॉलेज अल्जिब्रा. नाव भारदस्त आहे, पण इंजिनिअरिंगची पदवी कॅल्क्युलसपासून सुरू होते. हे ३ क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर दिसतील, पदवीतला एकही रकाना भरणार नाहीत. दुसरी बायॉलॉजी. १३०६ विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे, १३०८ इतरांचे. मेडिकलकडे जाणाऱ्याने सोपे म्हणून १३०८ घेतले तर १३०६ पुन्हा करावेच लागते.

तुमच्या मुलासाठी आमचे मत असे: इंग्लिश १३०१ आणि १३०२, हिस्ट्री १३०१ आणि १३०२, गव्हर्नमेंट २३०५ हे ड्युअल क्रेडिटने उरकावेत. कोणतीही शाखा घेतली तरी ते लागतातच. कॅल्क्युलस आणि फिजिक्स मात्र एपीने करावेत. पुढचा सगळा अभ्यासक्रम त्यांच्यावर उभा राहतो. पाया कच्चा राहिला आणि क्रेडिट मात्र मिळाले, तर मुलगा पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस-२ च्या वर्गात जाऊन बसतो आणि तिथे गडबडतो. एपीत चांगला गुण मिळूनही आत्मविश्वास नसेल तर क्रेडिट न घेता कॅल्क्युलस-१ पुन्हा करण्याचा पर्याय हातात राहतो.

एक गोष्ट शाळेच्या समुपदेशकाला नक्की विचारा: वर्गातला क्रमांक काढताना ड्युअल क्रेडिटला एपीइतकेच वजन आहे का? टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्यामुळे सरकारी विद्यापीठांतला प्रवेश वर्गातल्या क्रमांकाशी जोडलेला आहे, आणि हे वजन प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या शाळांचे प्रशासन, आपापले ठरवते. काही ठिकाणी ड्युअल क्रेडिटचा ए हा एपीच्या ए पेक्षा कमी मोजतात. अर्धा पॉइंटही क्रमांक खाली आणू शकतो.

प्रश्न : रनिंग स्टार्ट पूर्ण फुकट आहे असे ऐकले. मुलीला अकरावीपासून सगळेच विषय कॉलेजात घ्यायचे आहेत. नक्की काय करावे लागते आणि खर्च किती? (एक आई, बॉथेल, वॉशिंग्टन)

उत्तर : रनिंग स्टार्ट ही वॉशिंग्टन राज्याची ड्युअल एन्रोलमेंट योजना. तिच्यात कॉलेजचे शिक्षण शुल्क माफ असते, सगळे नाही. पुस्तके, कॉलेजचे किरकोळ शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च तुमचा. शाळेचे आणि कॉलेजचे विषय मिळून ठराविक भारापर्यंतच राज्य पैसे देते. त्यापुढचा प्रत्येक क्रेडिट तुमच्या खिशातून जातो आणि बिल सत्र सुरू झाल्यावर हातात पडते. उत्पन्न कमी असलेल्या, शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळणाऱ्या मुलांना शुल्कात सूट मिळते. ती मागावी लागते.

आधी कॉलेजकडे रनिंग स्टार्टचा अर्ज, मग इंग्लिश आणि गणिताची पातळी ठरवणे. त्यासाठी चाचणी किंवा शाळेचे ग्रेड चालतात. नंतर शाळेच्या समुपदेशकाबरोबर बसून शाळेच्या डिप्लोमासाठी काय काय उरले आहे ते लिहून काढायचे. त्यानंतर एन्रोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म. त्यावर शाळेची, पालकांची आणि विद्यार्थिनीची सही लागते. हा फॉर्म वर्षातून एकदा नाही, दर क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या दर तिमाही सत्राला, नव्याने भरायचा असतो. गाडी सर्वांत जास्त वेळा इथेच अडते. मुलगी हिवाळी क्वार्टरची नोंदणी करते, फॉर्म राहून जातो, आणि तिला नेहमीच्या विद्यार्थ्याचे पूर्ण बिल येते.

हिशोब सोपा आहे: कॉलेजचे ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे शाळेचा १ पूर्ण क्रेडिट. वर्षभराचा शाळेचा विषय दहा-अकरा आठवड्यांत संपतो. वेळही तसाच दाबून लागतो. १ क्रेडिटमागे आठवड्याला १ तास वर्गात आणि निदान २ तास घरी. १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याचे ४५ तास. त्यात ऑर्केस्ट्रा, टेनिस आणि शनिवारची मराठी शाळा बसवून पाहा. पहिल्या क्वार्टरला एक किंवा दोनच विषय घ्यावेत असे आम्ही आग्रहाने सांगतो. शाळेचे आणि कॉलेजचे कॅलेंडरही जुळत नाही. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, कॉलेज महिनाअखेरीला, वसंतातली सुट्टीही पुढेमागे. भारतात यायची तिकिटे काढण्याआधी दोन्ही कॅलेंडरे समोर ठेवा.

सगळेच विषय कॉलेजात घेऊन बारावीबरोबर असोसिएट ही दोन वर्षांची पदवी मिळवणाऱ्या मुली असतात. त्या राज्यातल्या विद्यापीठांशी झालेल्या थेट हस्तांतर कराराप्रमाणे विषय निवडले असतील तर त्याचा फायदा मोठा. नुसते आवडतील तसे ९० क्रेडिट जमवले तर तो फायदा अर्धाही उरत नाही.

प्रश्न : मुलगी कॉलेज क्रेडिट प्लस या इथल्या ड्युअल एन्रोलमेंट योजनेतून केमिस्ट्री करते. पहिल्या दोन परीक्षांत गुण वाईट आले असे ती म्हणते. कॉलेजला फोन केला तर “आम्ही पालकांशी बोलू शकत नाही” असे उत्तर मिळाले. ती १६ वर्षांची आहे! विषय सोडावा का? (एक आई, ओहायो)

उत्तर : कॉलेजने उद्धटपणा केलेला नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी उच्च शिक्षणाच्या संस्थेत शिकू लागला की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय कितीही असो. शाळेच्या नोंदी तुम्ही १८ वर्षांपर्यंत पाहू शकता, कॉलेजच्या नाही. वाटा तीन आहेत. मुलीने कॉलेजच्या पोर्टलवर संमती-फॉर्म भरून द्यायचा. हा सर्वांत सरळ मार्ग. करविवरणात ती तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज माहिती देऊ शकते, पण द्यायलाच हवी असे नाही. आणि कॉलेजने शाळेकडे पाठवलेली माहिती शाळेत पाहता येते. पण प्राध्यापकांना ईमेल मात्र मुलीनेच करायचा. आईच्या नावाने आलेल्या ईमेलला बहुतेक उत्तरच येत नाही.

आता विषय सोडण्याचे. तारखा तीन असतात आणि त्या अभ्यासक्रमाच्या पत्रकात, म्हणजे सिलॅबसमध्ये किंवा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये छापलेल्या असतात. पहिल्या तारखेपर्यंत सोडले तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच येत नाही. ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच उलटते, तुमची उलटली असणार. दुसऱ्या तारखेपर्यंत सोडले तर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची (विथड्रॉल) नोंद, येते. ती सरासरीत धरत नाहीत. त्यानंतर जो ग्रेड येईल तो. वर्गात जाणे नुसते बंद केले तर विषय आपोआप सुटत नाही, एफ लागतो. हायस्कूलच्या मुलांना हे कोणी नीट सांगत नाही, कारण शाळेत तसे नसते.

ओहायोत आणखी एक भानगड. नापास झाल्यास, किंवा ठरलेल्या मुदतीनंतर विषय सोडल्यास, शाळा तो खर्च तुमच्याकडे मागू शकते. तेव्हा डब्ल्यू घेण्याआधी शाळेच्या समुपदेशकाकडून पैशाचे लेखी विचारून घ्या. शिवाय केमिस्ट्री सुटल्यावर शाळेच्या डिप्लोमाला लागणारा विज्ञानाचा क्रेडिट कुठून येणार, हेही.

आमचा ठोकताळा: उरलेल्या परीक्षांत शक्य तेवढे गुण मिळवूनही सी च्या वर जाता येत नसेल आणि मुलीला मेडिकलकडे जायचे असेल, तर डब्ल्यू घ्यावा. मेडिकल कॉलेजांचा सामाईक अर्ज हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या प्रत्येक विषयाचा ट्रान्सक्रिप्ट मागतो आणि तो ग्रेड विज्ञानाच्या सरासरीत धरतो. लॉ स्कूलच्या अर्जातही तेच. सोळाव्या वर्षीचा डी बावीसाव्या वर्षी पुन्हा समोर येतो. एखादा डब्ल्यू मात्र कोणी मनावर घेत नाही. तीन-चार झाले की विचारतात. पुढे केंद्रीय आर्थिक मदत लागणार असेल तर आणखी एक पाहा: घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण झालेले असावेत आणि सरासरी (४ पैकी) २.० च्या आसपास, अशी अट असते. त्याच कॉलेजात पुढे शिकली तर आताचे डब्ल्यू आणि एफ त्या हिशोबात येतात.

प्रश्न : मी दहावी संपवतेय. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिश आणि स्टॅटिस्टिक्स घ्यायचंय. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) याचा उपयोग होईल? फी किती? आईबाबांना काही माहीत नाही, म्हणून मीच विचारतेय. (एक विद्यार्थिनी, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : विचारलंस ते बरं केलंस. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर आहे, पण हायस्कूलमधून स्पेशल अॅडमिट म्हणून अर्धवेळ, म्हणजे ११ युनिटपर्यंत घेणाऱ्यांना ती बहुतेक कॉलेजांत माफ असते. आरोग्य शुल्क, पार्किंग, पुस्तकं यांचे पैसे लागतात.

कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भर, विद्यार्थी क्रमांक येईल. मग स्पेशल अॅडमिटचा फॉर्म, त्यावर आई किंवा बाबा आणि मुख्याध्यापक किंवा समुपदेशकाची सही. इथे घाई कर. उन्हाळी सत्रासाठी मुख्याध्यापकांना एका इयत्तेतल्या ५ टक्क्यांहून अधिक मुलांची शिफारस करता येत नाही, असा नियम आहे. आणि जूनमध्ये शाळेचं ऑफिस बंद असतं. सही एप्रिलमध्येच घेऊन ठेव.

दुसरी अडचण जागेची. हायस्कूलच्या मुलांचा नोंदणीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. स्टॅटिस्टिक्स भरलेलं दिसेल. वेटलिस्टवर नाव घाल, पहिल्या दिवशी वर्गाला हजर राहा आणि शिक्षकांकडे अॅड कोड, म्हणजे नाव नोंदवायचा क्रमांक, माग. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं कापतात, त्या जागा तिथेच वाटल्या जातात.

यूसीला उपयोग नक्की आहे. ३ किंवा त्याहून जास्त सेमिस्टर युनिटचा, यूसीला चालणारा एक विषय म्हणजे शाळेचं एक वर्ष. विषय चालतो की नाही हे असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव घालून बघ. सरासरी काढताना अशा विषयाला जादा पॉइंट मिळतो, मात्र सगळे मिळून आठ सत्रांपुरताच. क्रेडिट कितीही जमले तरी तू प्रवेशाला फ्रेशमनच, म्हणजे पहिल्या वर्षाची नवी विद्यार्थिनीच, राहतेस, ट्रान्सफर विद्यार्थिनी होत नाहीस. पुढे तोच विषय एपीनेही केलास तर क्रेडिट दोनदा मिळत नाही.

दोन्ही विषय एकदम मात्र घेऊ नकोस. एरवी सोळा-सतरा आठवडे चालणारा विषय उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांत संपवतात. ४ युनिटचं स्टॅटिस्टिक्स एकट्यानेच आठवड्याचे पंचवीस-तीस तास खाईल. स्पॅनिश शरद सत्रात घे.

प्रश्न : आम्ही एच-१बी वर, मुलगा एच-४ वर. त्याला वेगळा व्हिसा लागेल? सुट्टीत भारतातून येणारा भाचाही एखादा कोर्स करू शकेल का? (एक पालक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : मुलाला वेगळा व्हिसा नको. एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, अर्धवेळ, पूर्णवेळ, दोन्ही शिकता येते, २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी कॉलेज स्वतःचा क्रमांक देते. फी रहिवाशाची लागेल की बाहेरच्याची, हे राज्य आणि कॉलेजवर अवलंबून आहे, ते नोंदणीआधी लेखी विचारा. भाचा पर्यटक व्हिसावर येणार असेल तर त्याने क्रेडिटचा विषय घेऊ नये, त्या व्हिसावर चालत नाही.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. अमेरिकेत ही सोय आहे तशी इथे काही आहे का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : राज्य मंडळाच्या बारावीत पदवीचे क्रेडिट जमा करण्याची तशी व्यवस्था नाही. जवळची गोष्ट म्हणजे एनपीटीईएल हे ऑनलाइन अभ्यासक्रम. आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक शिकवतात, ४, ८ किंवा १२ आठवडे. नाव नोंदवायला पदवी लागत नाही, शिकणे विनामूल्य, परीक्षेला शुल्क. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३० गुण हवेत. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी. एस. अभ्यासक्रमाची पात्रता फेरी बारावीत असतानाच देता येते, प्रवेश बारावी पास झाल्यावर. सीईटी, जेईई किंवा नीटच्या वर्षात हे घ्यावे का? त्या वर्षात नको. ज्यांची मुले अजून दहावीत आहेत त्यांनी दहावीनंतरच्या सुट्टीत एखादा ४ आठवड्यांचा कोर्स घ्यावा, याहून जास्त नको.

प्रश्न : मुलाने दोन वर्षांत दोन वेगवेगळ्या कम्युनिटी कॉलेजांतून विषय घेतले. आता विद्यापीठ म्हणते क्रेडिट पोहोचले नाहीत. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तर ते छापलेले आहेत! (एक पालक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : शाळेच्या कागदावरची नोंद विद्यापीठ क्रेडिटसाठी धरत नाही. प्रत्येक कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट वेगळा मागवायचा, एकच विषय घेतला असला तरी. शेवटच्या सत्राचे ग्रेड लागल्यावर मागवा. अर्ज भरताना “ग्रेड लागेपर्यंत थांबा” हा पर्याय असतो, तो न निवडल्यास अर्धवट कागद जातो. कॉलेजचा ईमेल बंद पडला असेल तर रजिस्ट्रारच्या कार्यालयात ओळखपत्र देऊन मागता येतो. पुस्तक किंवा पार्किंगची पाच-दहा डॉलरची थकबाकी असली तरी काही कॉलेजे कागद अडवतात, ते आधी तपासा.

आपल्या मुलांच्या बाबतीत नावाचा एक खास घोळ होतो. शाळेत नाव आणि आडनाव, एका कॉलेजात वडिलांचे नाव मधले म्हणून, दुसरीकडे पासपोर्टप्रमाणे नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही पहिल्या रकान्यात. विद्यापीठाची यंत्रणा नाव आणि जन्मतारीख जुळवते, जुळले नाही की कागद बाजूला पडून राहतो. म्हणून “पोहोचला नाही” असे उत्तर आले तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. प्रवेश कार्यालयाला तिन्ही नावे, जन्मतारीख आणि ट्रान्सक्रिप्ट पाठवल्याची पावती ईमेलने कळवा आणि न जुळलेल्या कागदांत शोधायला सांगा.